राजाचं फडकं

नीरजच्या डोक्यावरचा मुकुट तिसऱ्यांदा कानांवर घसरला, तेव्हा अंगणवाडी चालवणाऱ्या उज्वलानं ओठांत धरलेली पिन काढली आणि मुकुटाची पट्टी मागून त्याच्या केसांत घट्ट खोचली. चार वर्षांचं पोर हूं की चूं न करता उभं होतं. अंगात मखमली अंगरखा, गळ्यात मोत्यांच्या माळा, कमरेला हिंगणघाटहून भाड्यानं आणलेली तलवार. ऊन मरणाचं होतं. कपाळावरचा टिळा ओघळून नाकापर्यंत आला होता.

तान्हा पोळा होता. अल्लीपुरातली पोरं आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढत मैदानात जमली होती. दरवर्षी सजवलेल्या नंदींना बक्षिसं मिळत. यंदा मधुकररावांच्या मनात आलं, अंगणवाडीतल्या पोरांना राजाराणीचा धडा द्यायचा.

"पोट्ट्याइले कळलं पाहिजे, बाई," आठवड्यापूर्वी ते उज्वलाला म्हणाले होते. "राजा कोण असते, राणी कोण असते. कोण वर बसते, कोण खाली. आजकाल कोणी कोणाले मानतच नाई."

राजा कोण होणार, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना एकच नातू होता.

मधुकरराव दोनदा सरपंच झाले होते. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी खुर्ची सोडली असं म्हणता येत नव्हतं. ती त्यांच्या ओसरीत होती आणि आज सिंहासन म्हणून मैदानात आली होती. पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं 'ग्रा. पं.' शेल्याखाली नीट झाकलं गेलं नव्हतं, पण ते वाचायची गावाला आता गरज उरली नव्हती.

अंगणवाडी भरायची तीही त्यांच्याच खोलीत. खताची पोती ठेवायला जागा पुरत नाही, असं ते महिन्यातून एकदा सहज बोलून दाखवत आणि उज्वला महिन्यातून एकदा गप्प बसे. तिच्याकडे बावीस पोरं होती. खोली गेली तर मारोतीच्या देवळाचा ओटा, आणि पाऊस आला की तोही नाही. म्हणून ती या सोंगालाही हो म्हणाली होती. हो म्हणून घरी गेली आणि स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

राणी झाली होती भाजी पिकवणाऱ्या बंडूजींची खुशी. गोपिकाकाकूंनी, म्हणजे नीरजच्या आजीनं, तिला सिंहासनाशेजारच्या स्टुलावर बसवून बजावलं, "हालू नको. राणीले काई करा लागत नाई. बसा लागते अन् हसा लागते."

चाळीस वर्षं काकू स्वतः तेच करत आल्या होत्या. हसणं मात्र राहून गेलं होतं.

अंगणवाडीतले राजाराणी वेगळे होते. खिचडीच्या वेळी रोज एकाची पाळी यायची. ज्याची पाळी त्याच्या खांद्यावर उज्वला पिवळं फडकं टाकायची. मुलगा असला तर राजा, मुलगी असली तर राणी, काम एकच. सगळ्यांनी हात धुतले का पाहायचं, ताटली मिळाली का, पाणी मिळालं का. मग मधोमध उभं राहून विचारायचं, "कोणी राह्यलं का?" आणि सगळी ओरडायची, "कोणीच नाई!" त्यानंतर राजानं जेवायचं. त्या फडक्यासाठी पोरं एकमेकांचे केस ओढायची.

नीरजची पाळी कधी आली नव्हती. त्याचा डबा घरून यायचा, काजू घातलेला शिरा नाहीतर तुपात माखलेली पोळी. आमचं पोरगं तिथलं खात नाई, असा काकूंचा निरोप होता. तो कोपऱ्यात सतरंजीच्या तुकड्यावर डबा उघडून बसायचा. उज्वला त्याच्याकडे पाठ करून फडकं दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर टाकायची.

बक्षिसं झाली. मधुकररावांचं भाषण झालं. त्यात त्यांचे आजोबा दोनदा आणि पोरं एकदा आली. खिचडी शिजवणाऱ्या विमलाबाईंनी मसालेभात आणि बुंदीची पातेली उघडली. पोरं नंदी मांडीशी घेऊन रांगेत बसली. मधुकररावांनी पहिलं ताट स्वतः उचललं, मोबाइल धरलेल्या मंडळींकडे नीट तोंड केलं आणि खुर्चीपुढे वाकले.

"घ्या, राजेसाहेब."

नीरजनं ताटाकडे पाहिलं, मग रांगेकडे. तो खुर्चीवरून सरकत खाली उतरला. तलवार पायात अडकली, ती त्यानं काढून खुर्चीवर ठेवली. चालत उज्वलापाशी आला आणि हात पुढे केला.

"बाई, फडकं."

फडकं तिच्या खांद्यावरच होतं. सकाळपासून पोरांचे हात पुसून त्याला मातीचे डाग पडले होते.

"काय मांगून राह्यला तो?" काकूंनी विचारलं.

मधुकररावांचं ताट हवेतच होतं. मैदानापलीकडे खोलीचं निळं दार दिसत होतं, त्यावर त्यांचंच कुलूप. उज्वलानं तिकडे एकदा पाहिलं. मग फडकं काढून झटकलं आणि त्याच्या मखमली खांद्यावर नीट घडी करून ठेवलं.

नीरज रांगेच्या टोकाला गेला. "हात दाखव," पहिल्याला म्हणाला. खुशी न सांगता स्टुलावरून उतरली आणि पाण्याचा जग दोन्ही हातांनी उचलून त्याच्यामागे निघाली. कुठे थांबायचं, काय विचारायचं, त्याला सगळं येत होतं. तिसऱ्या पोरापाशी तो विमलाबाईंना म्हणाला, "रोशनले मिरची देऊ नका. त्याले ठसका लागते."

विमलाबाईंनी उज्वलाकडे पाहिलं. उज्वला मान खाली घालून द्रोण मोजत होती, मोजलेलेच पुन्हा.

मधुकरराव लोकांसाठी हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "राजाले वाढपी करून टाकलं तुमी, बाई. उद्या घरी येजा. खोलीचं बोलू."

"येईन, काकाजी."

तेवढ्यात नीरजनं त्यांचा इस्त्रीचा पायजमा ओढला.

"आबाजी, रांगेत बसा. उभं राह्यलं तं भेटत नाई."

मोबाइल अजून वरच होते. मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक गुडघा मातीत टेकवला, मग दुसरा. शेजारच्या पोरीनं आपला नंदी सरकवून त्यांना जागा करून दिली.

नीरज मधोमध जाऊन उभा राहिला. मुकुट पुन्हा कानांवर आला होता.

"कोणी राह्यलं का?"

"कोणीच नाई!"

रोज हे ओरडणं चालायचं तेव्हा उज्वला पातेलं खरवडत असायची. कोपऱ्यातून कधी आवाज आला होता का, तिला आठवेना.

पोरं जेवायला लागली. तो तसाच उभा होता, तिच्याकडे पाहत. तिनं शेवटचा द्रोण भरून नेला, त्याच्यापुढे ठेवला आणि मुकुट काढायला त्याच्यामागे मातीतच बसली.

"बाई," बुंदी तोंडात टाकण्याआधी त्यानं विचारलं, "उद्या कोणाची पाळी हाय?"

उज्वलानं त्याच्या केसांतली पिन सोडवली आणि ओठांत धरली.