न खेळता दिलेला एक स्टार

हिंजवडीच्या कंपनीची बस पुलाखाली अडकली की आतली माणसं दोनच कामं करतात. झोपतात, नाहीतर कुणाला तरी नावं ठेवतात.

सुदर्शनला बसमध्ये झोप येत नसे.

सुदर्शन उगले. मूळचा वाशीमचा, कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. मग घरी जाताना तेच काम फुकटात! रिक्षावाल्याला दोन स्टार. मिसळीला दीड. डॉक्टरला एक, कारण त्यानं सिगारेट सोडायला सांगितली.

पण त्याचं खरं नाव झालं ते गेमच्या पुस्तकांवर. रोलप्लेइंग गेम. म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. एक जण खेळ चालवतो. तो विचारतो, 'आता काय करता?' आपण सांगायचं. अडलं की फासे टाकायचे. अशा खेळांची पुस्तकं मिळतात. त्यात एक जागा असते, काही माणसं असतात, एखादी भानगड असते. पुढचं खेळणाऱ्यांनी करायचं.

सुदर्शन पुढचं कधीच करायचा नाही. पीडीएफ उघडायची, अंगठ्यानं सरकवत शेवटापर्यंत जायचं आणि 'पुण्यातले फासेवाले' या ग्रुपवर रिव्ह्यू टाकायचा. 'यापेक्षा आमच्या सोसायटीची पाणीकपातीची नोटीस जास्त थरारक आहे.' 'यात एक ड्रॅगन आहे. लेखकाइतकाच दमलेला.' की लगेच खाली हसऱ्या तोंडांची रांग. 'भाऊ, फाडलंस!' 'पैसे वाचवलेस!' हसणाऱ्यांपैकी एकानंही ते पुस्तक उघडलेलं नसायचं. ही एक वेगळीच जमात आहे आपल्याकडे. स्वतः काही करत नाहीत, पण दुसऱ्यानं केलेलं कसं फसलं हे यांना पहिलं कळतं.

त्या दिवशी बसमध्ये त्याच्या हाताला लागलं 'घाटातला नाका'. लिहिणारी भाग्यश्री बोडके. त्याच्याच मजल्यावर बसणारी, हिंजवडीजवळच्या माण गावची. घरची शेती गेली, तिथे काचेच्या बिल्डिंगी आल्या, आणि त्यातल्याच एका बिल्डिंगीत ही नोकरीला लागली. दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये बसून तिनं हा खेळ लिहिला. मराठीत. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात पानं तयार होती. छापायचं की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. त्याआधी तिनं पीडीएफ ग्रुपवर टाकली. खाली एकच ओळ: 'खेळून बघा आणि काय चुकलं ते सांगा.'

पूल ओलांडायच्या आत रिव्ह्यू तयार झाला.

'घाटात नाका. नाक्यावर व्यापाऱ्याचं मीठ चोरीला जातं. चोर कोण? पुस्तकात नाही! सगळी पानं उलटली, चोर सापडत नाही, कारण बाईंना शेवटच सुचलेला नाही. शिवाय सगळी पात्रं "हाय-न्हाय" बोलतात. गेम आहे की गावची जत्रा? एक स्टार. तोही पीडीएफ उघडली म्हणून.'

पाठवला. हसरी तोंडं आली. बस पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भाग्यश्री त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ताट हातातच.

"वाचलंस?"

"बघितलं सगळं."

"खेळलास?"

"त्यात खेळायचं काय? वाचून कळतं ना."

तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाली, "येत्या रविवारी प्रेमलाताईंकडे टेबल लावायचं होतं. पाच जणांनी नावं दिलेली. तुझा रिव्ह्यू आला आणि तिघांनी काढून घेतली. दोघांत हा खेळ होत नाही. मी सोमवारी छापखान्याला नको म्हणून सांगते."

"अगं, एवढं मनाला काय लावून घेतेस? माझं मत आहे ते!"

"मत न्हाय ते," भाग्यश्री म्हणाली. ऑफिसमध्ये ती कधी असं बोलायची नाही. "चेष्टा हाय. मत असतं तर मी वही घेऊन बसले असते तुझ्यासमोर."

आणि गेली. सुदर्शननं डोसा संपवला. चटणीला मनातल्या मनात एक स्टार दिला.

शनिवारी फोन आला. प्रेमला आपटे. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, नारायण पेठेत एकट्या राहणाऱ्या. भाचीनं एकदा हा खेळ शिकवला, तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फासे. दरोडेखोर व्हायला त्यांना फार आवडे.

"सुदर्शनराव, उद्या चारला यायचं. तिसरा माणूस हवाय."

"ताई, त्या पुस्तकात दम नाहीये. मी लिहिलंय ना."

"वाचलं मी. छान लिहिता आपण. न खेळता इतकं लिहिता, खेळलात तर ग्रंथच होईल. येताय ना? की भीती वाटते?"

"भीती? कसली?"

"आवडेल याची."

आता यावर नाही कसं म्हणणार? आलाच तो. सोबत मोबाइल, आणि मोबाइलमध्ये पुढच्या रिव्ह्यूची पहिली ओळ तयार. 'खेळून पाहिलं. झोप मात्र छान लागली.'

दारातच प्रेमलाताई म्हणाल्या, "या. चपला बाहेर. मतही बाहेर ठेवता आलं तर बघा, जागा आहे."

टेबलावर दुसरा खेळाडू आनंद होता, कर्वेनगरमध्ये क्लासेस चालवणारा. सुदर्शनला बघून त्यानं नुसती भुवई वर केली. भाग्यश्रीनं तर बघितलंही नाही. फासे मांडले, कागद वाटले आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तिघं हमाल. व्यापाऱ्याचा माल घाटावर पोचवायचाय. तुमच्याबरोबर चौथी एक म्हातारी हमालीण आहे, सोजरबाई. ती मी बोलणार. सुरू करायच्या आधी प्रत्येकानं माझ्या कानात येऊन सांगायचं, आपल्या गाठोड्यात काय लपवलंय आणि कुणासाठी."

सुदर्शनला आठवलं, हे दुसऱ्या पानावर होतं. प्रस्तावना समजून त्यानं सरकवलं होतं.

त्याचा नंबर आला. वाकला आणि उगाच खोडी काढायची म्हणून कुजबुजला, "मीठ. व्यापाऱ्याचंच. घरी आई अळणी खाते म्हणून."

भाग्यश्रीनं मान डोलावली. "ठीक."

खेळ चालू झाला. धुकं, निसरडी वाट, आनंदचा फासा तीनदा वाईट पडला, प्रेमलाताई व्यापाऱ्याला इतक्या गोड शब्दांत शिव्या देत होत्या की सुदर्शनला हसू आवरेना. आणि नाक्यावर पोचल्यावर व्यापारी ओरडला, "मीठ कमी भरतंय!"

सुदर्शनच्या हातातला फासा हातातच राहिला.

चोर पुस्तकात नव्हताच. कसा असेल? चोर टेबलावर बसणार होता!

नाक्यावरच्या शिपायानं सगळ्यांना उभं केलं. कुणाचं गाठोडं आधी उघडायचं? व्यापारी म्हणाला, म्हातारीचं. हीच असणार. हिच्याकडे बघा ना कशी आहे! भाग्यश्री आता सोजरबाईच्या आवाजात बोलत होती. तोच 'हाय-न्हाय'चा आवाज.

"म्या न्हाय घेतलं, दादा. माज्याकडं भाकर हाय नुस्ती. तुमी सांगा की यास्नी. तुमी संगं व्हता नव्हं?"

ती सुदर्शनकडे बघून बोलत होती.

गप्प राहिला तर सुटणार होता. खेळच तर होता! त्यानं गप्प राहायचं ठरवलं. भाग्यश्रीनं सांगितलं, शिपायानं भाकरी खाली टाकली, पायानं उलटवली. मीठ सापडलं नाही. तरी व्यापारी म्हणाला, "खाल्लं असेल. हाकला मागं हिला. हिच्या हाताला पुन्हा काम द्यायचं न्हाय." म्हातारी भाकरीचे तुकडे गोळा करायला लागली. आनंद फासे टाकून भांडला, हरला. प्रेमलाताई भांडल्या, हरल्या. सोजरबाई पुन्हा म्हणाली, "तुमी तरी बोला, दादा."

सुदर्शनला काय झालं कुणास ठाऊक. तो खुर्चीतून उठलाच!

"थांबा! तिले सोडा! मिठाचं गाठोडं माह्यं हाय! मीठ म्या घेतलं!"

आनंदची भुवई पुन्हा वर गेली.

पुण्यात आल्यापासून आठ वर्षं त्यानं ही वऱ्हाडी भाषा तोंडाबाहेर काढली नव्हती. होस्टेलवर पहिल्या महिन्यात पोरं 'माह्यं-तुह्यं' करून हसली होती, तेव्हाच त्यानं ती आत दाबून टाकली होती. आणि परवा त्यानंच भाग्यश्रीच्या भाषेला जत्रा म्हटलं होतं!

"बसा," प्रेमलाताई हळू म्हणाल्या. "चहा टाकते. मग पुढचं खेळू. आता शिपाई तुम्हाला धरणार, आम्ही सोडवणार."

चहा आला. सुदर्शन कपाकडे बघत म्हणाला, "ताई, बस पुलाखाली अडकली तेवढ्यात लिहिलं मी ते. पण मग वाईट पुस्तकाला वाईट म्हणायचंच नाही का?"

"म्हणा की! मी स्वतः या पेठेत निम्म्या हॉटेलांना नावं ठेवते. पण जेवून ठेवते हो. आपण फोटोतल्या भाजीला तिखट कमी आहे म्हणालात. आणि वर लोकांना सांगितलंत, जाऊ नका तिकडे. हिची दोन वर्षं गेली. तुमचा एक पूल गेला. हे बरोबरीचं झालं का? सांगा."

"नाही."

"ग्रुपवरचे ते हसणारे. त्यांतला एक तरी तुमच्या घरी आजारपणात भात घेऊन येईल?"

"नाही."

"मग कुणासाठी लिहिता हो?"

सुदर्शननं मोबाइल काढला. "डिलीट करतो."

"अजिबात नाही," भाग्यश्री म्हणाली. तो आला तेव्हापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलली. "ते राहू दे. खाली लिही, हे मी न खेळता लिहिलं होतं. आणि आता खेळून काय वाटलं ते लिही. वाईट वाटलं तर वाईट लिही. मला दयेचे स्टार नकोत."

खेळ पूर्ण झाल्यावर त्यानं तिथेच बसून लिहिलं. चोर का सापडला नाही ते लिहिलं. आपण दुसरं पान सरकवलं होतं ते लिहिलं. आणि हेही लिहिलं, की घाटाचा नकाशा फार गोंधळाचा आहे, उतार कुठला आणि चढ कुठला कळत नाही, आणि मधली ओढ्याची भानगड लांबते.

भाग्यश्रीनं वाचलं. "नकाशाचं खरंय," म्हणाली. "ओढ्याचं पण." आणि पेन्सिल घेऊन तिथेच ओढा खोडायला बसली. "छापखान्याला आठवडाभर थांबा म्हणून सांगते. नको म्हणून नाही सांगत."

ग्रुपवर काय झालं? तेच. 'भाऊ, किती घेतलेस?' 'पोरगी आवडली वाटतं!' 'पूर्वीचा सुदर्शन राहिला नाही.' एकानं तर त्याच्या नव्या रिव्ह्यूलाच एक स्टार दिला. सुदर्शननं तो एक स्टार दोनदा बघितला. आपण आजवर किती जणांना असा एक स्टार दिला असेल! त्यानं फक्त विचारलं, 'पुढच्या रविवारी कोण कोण बसणार?' मग नाव काढून घेतलेल्या तिघांपैकी एकानं लिहिलं, 'मी.'

मित्रांनो, हे फक्त खेळाच्या पुस्तकांचं नाही. नाटक असो, खानावळ असो, शेजारणीनं नवीन सुरू केलेलं दुकान असो, आपण उंबऱ्याबाहेरूनच निकाल देऊन मोकळे होतो. टोमणा मारला की आपल्याला वाटतं, आपण हुशार. टोमणा कुणालाही जमतो हो! अंगठा लागतो नुसता. नाही आवडलं तर बिनधास्त सांगा, तोंडावर सांगा, कारणासकट सांगा. पण आधी चार माणसांत खुर्ची ओढून बसा, फासा हातात घ्या, वाईट पडला तरी खेळा. ज्यानं मेहनत केली त्याला आपला एक रविवार द्या. तेवढंही जमत नसेल, तर मग तोंड गप्प ठेवा. त्यालाही कष्ट पडत नाहीत.