कायम आणि कंत्राटी

माझे बाबा, विजयकुमार, चेन्नईच्या एका सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते आणि पस्तीस वर्षं त्यांना त्याची लाज वाटली. गावी, कऱ्हाडला, लग्नकार्यात कुणी विचारलं, की म्हणायचे, "डिफेन्समध्ये आहे." पुढे अवाक्षर नाही.

बारावीनंतर त्याच कारखान्यात मला अप्रेंटिसशिप मिळाली. यादीत शेवटचं नाव होतं माझं, पण होतं. मला लोखंडकाम आवडायचं. अजूनही आवडतं. बाबा ओरडले नाहीत. "क्षमा, पाना मी धरला तेवढा पुरे. तू इंजिनीअर हो," एवढंच म्हणाले. मी ऐकलं, गाढवपणा माझाच. माझी जागा वेटिंगवरच्या शरण्याला गेली.

मी तांबरमच्या कॉलेजात चार वर्षं काढली. तिथल्या वर्कशॉपला कायम कुलूप. लेथची चित्रं काढून आम्ही मार्क मिळवले. आता चेन्नईबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कंपनीत मी कंत्राटी ट्रेनी आहे. पार्ट मोजायचे, खोक्यांवर स्टिकर लावायचे, अकरा महिने झाले की घरी बसायचं. कऱ्हाडला मात्र मी 'इंजिनीअर बाई'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

परवा बाबा रिटायर झाले. त्यांच्या सेक्शनची रीत अशी, की जाणाऱ्या फिटरने आपली हत्यारांची पेटी हाताखाली शिकलेल्या एकाला द्यायची. बाबांनी शरण्याला पुढे बोलावलं. ती आता तिथे कायम झाली आहे. माइकवर ते तमिळमध्ये म्हणाले, "या मुलीच्या हातात कानस बोलते. असा हात मी दुसरा पाहिला नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आतून मात्र जळत होते. कामाचा एवढा अभिमान होता, तर तो माझ्यापासूनच का लपवला?

जेवणं झाल्यावर बाबा मला मॅनेजरसाहेबांपुढे घेऊन गेले. "सार, माझी मुलगी. बी.ई. झाली आहे. अप्रेंटिसची भरती पुन्हा निघेल ना?"

"निघेल की. पण डिग्रीवाल्यांना त्यात घेत नाहीत, विजयकुमार."

साहेब गेल्यावर शरण्या जवळ आली. बिचारी मनापासून म्हणाली, "अक्का, फॉर्मवर डिग्री लिहूच नका. नुसती बारावी लिहा."

बाबांचा चेहरा उजळला. "तसं जमेल का गं, क्षमा?"

त्यांच्या गळ्यात हार होता, म्हणून मी काही बोलले नाही.