एकशे सत्त्याऐंशीवी ओळ

प्रिंटरचं डोकं कागदाच्या उजव्या कडेला थडकलं आणि तिथेच थरथरत राहिलं. सुमतीनं बटण दाबून ते थांबवलं, कागद फाडून घेतला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

पहिलं नाव डाव्या कडेला नीट उमटलं होतं. दुसरं एक ओळ खाली होतं, पण पहिलं जिथे संपलं तिथून सुरू झालेलं. तिसरं आणखी खाली, आणखी उजवीकडे. पुढची नावं उरलीच नव्हती. कडेला अक्षरांवर अक्षरं आपटून एक उभा काळा पट्टा तेवढा झाला होता आणि बाकीचा कागद पांढरा.

"काहून वं ताई, तुमची मशीन जिना उतरून राहिली का?"

रुपरावजी दारात उभे होते. संस्थेतले ते एकमेव टायपिस्ट. सर्वेक्षण विभाग आणि संचालकांची केबिन यांच्या मधल्या लांबट खोलीत त्यांचं टेबल होतं, आणि सुमतीनं सोमवारी टाकलेली तार त्यांच्या खुर्चीमागून भिंतीच्या कडेकडेनं जात होती.

"जिनाच," सुमती म्हणाली. "तीन पायऱ्या, मग खड्डा."

त्यांनी कागद मागून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला. त्यांचा डावा हात टेबलावरून जरासा उचलला गेला आणि पुन्हा खाली आला. मग त्यांनी कागदाची घडी केली, घडीवरून नख फिरवलं.

"ठेवू का हा? मागची बाजू कोरी हाये."

"ठेवा ना."

यादी दोनशे चौदा माणसांची होती. कामठी रोडवरच्या एका सूतगिरणीत हिवाळ्यातले दोन महिने संस्थेनं कामगारांचा श्वास मोजला होता. एम.एस्सी. फिजिक्स करून सुमती नुकतीच लागली होती आणि मोजण्याचं यंत्र तिच्या ताब्यात होतं. छाती भरून हवा घ्यायची आणि नळीत एका दमात सोडायची, एवढंच माणसाचं काम. अकराशे माणसांना ती "फुंका, फुंका, अजून फुंका" म्हणाली होती. कापसाची धूळ ज्यांच्या छातीत बसली होती त्यांचा आकडा कमी यायचा. अशांची ही यादी. शनिवारपर्यंत ती कागदावर आली, की धंतोलीतले डॉक्टर मे महिन्यात त्यांना एकेक करून तपासणार होते. संचालक साहेबांनी बैठकीत तसं सांगितलं होतं, आणि सुमतीनं गिरणीत जाऊन, यंत्रापाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसांना. नाव यादीत आलं की इलाज होईल, हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं याची मात्र तिनं नोंद ठेवली नव्हती.

यादी अडकली होती ती यंत्रात. सर्वेक्षणाचा मोठा कॉम्प्युटर युनिक्स या प्रणालीवर चालायचा. त्याचा प्रिंटर फेब्रुवारीत बंद पडला तो पडलाच. साहेबांच्या केबिनबाहेरचा नवा कॉम्प्युटर डॉस या दुसऱ्या प्रणालीचा होता, आणि त्याला धडधाकट प्रिंटर होता. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नव्हती. तेव्हा सुमतीनं सीताबर्डीच्या बाजारातून तार आणली, दोन्ही टोकांना स्वतः कथलाचे डाग दिले. एकाच्या बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडायची, हे कळायला तिला सोमवार लागला. मंगळवारी नुसता कचरा आला. वेग कमी केल्यावर नावं आली. आज बुधवार, आणि हा जिना.

युनिक्सच्या पडद्यावर तीच यादी शिस्तीत, एकाखाली एक उभी होती. म्हणजे वाटेत काहीतरी गळत होतं. ती तारेवर संशय घेऊन बसली.

दुपारी ती तार तपासायचं मीटर घेऊन रुपरावजींच्या खुर्चीमागे उकिडवी बसली, तेव्हा त्यांनी टायपिंग थांबवलं.

"ताई, एक विचारू? या तारेतून एखादं नाव गळू शकते का?"

तिला वाटलं, त्यांना भावाची काळजी आहे. विश्वनाथ त्यांचा धाकटा भाऊ. गिरणीत पिंजणखात्यात होता. त्याला यंत्रापाशी यायचंच नव्हतं. रुपरावजींनी रविवारी घरी जाऊन त्याला समजावलं, सोमवारी रजा घेऊन स्वतः बरोबर आणलं. नळी तोंडाजवळ धरून विश्वनाथ सुमतीला म्हणाला होता, "बिडी सोडली तवापासून हवा कमी झाली पाहा, बाई. डॉक्टरले सांगा, पुन्हा लिहून द्या म्हणा." सगळी रांग हसली होती. मग त्यानं फुंकलं, आणि काटा अर्ध्यावरही गेला नाही. तिनं तीनदा फुंकायला लावलं होतं.

"एकही गळणार नाही, रुपरावजी," ती म्हणाली. "मी मोजून पाहीन. विश्वनाथरावांचं तर मी आधी पाहीन."

"तसं नाई म्हणत मी." त्यांनी टाईपरायटरच्या कळांवरून बोट फिरवलं. "समजा, हे असंच राहिलं. जिन्यावानी. तर चालत नाई का?"

"कसं चालेल? तीन नावांची यादी द्यायची का?"

"हौ," ते म्हणाले. "ते बी खरं."

गुरुवारी तिनं तार बदलली. दुसरी टोकं लावली. वेग आणखी कमी केला. आता एक पान यायला इतका वेळ लागे की तेवढ्यात माठावर जाऊन पाणी पिऊन येता यावं. जिना तसाच होता, पायरीसुद्धा हलली नव्हती. दोष तारेत नसावा, अशी तिला पहिल्यांदाच शंका आली. तार खराब असेल तर चूक दरवेळी वेगळी व्हायला हवी. दरवेळी तंतोतंत तीच होते, ती चूक नव्हेच. कोणीतरी सांगितलेलं तंतोतंत पाळतं आहे. पण सांगतं कोण, आणि काय?

शुक्रवारी सकाळी ती मधल्या खोलीत कूलरसमोर येऊन बसली. वाळ्याच्या ओल्या वासाखेरीज त्या कूलरमधून फारसं काही येत नव्हतं. डोळे तळावलेले, बोटावर तारेला डाग देताना भाजल्याचा फोड. समोर रुपरावजी संस्थेचं काही इंग्रजी पत्र टाईप करत होते. त्यांना कागदाकडे पाहावं लागत नसे. ओळ संपत आली की यंत्राची घंटी वाजे, डावा हात आपोआप वर जाई, चकचकीत दांडी एकदा ढकली, आणि हात खाली येऊन पुन्हा कळांवर. घंटी, हात, दांडी. तिला गुंगी येऊ लागली होती.

"रुपरावजी, पुन्हा करा ते."

"काय?"

"आत्ता हातानं केलंत ते."

त्यांचा हात दांडीवरच राहिला.

सुमती उठून टेबलाशी आली होती. "एका धक्क्यात दोन गोष्टी होतात. कागद वर सरकतो, आणि कागद धरणारी ही गाडी मागे येते. हो ना? दोन वेगळी कामं आहेत ही. समजा, कागद तेवढा सरकवला आणि गाडी मागे आणलीच नाही, तर?"

रुपरावजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं एक काच पुसली, मग दुसरी. पुसून झाल्यावर पुन्हा पहिली.

"तर?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता वाकून स्वतःच रूळ एक घर फिरवला, एक कळ दाबली. अक्षर एक ओळ खाली उमटलं, पण होतं तिथेच, उजवीकडे. तिनं पुन्हा रूळ फिरवला, पुन्हा कळ दाबली.

"जिना!" ती म्हणाली. "रुपरावजी, जिना!"

ती धावतच गेली. त्यांनी बिघडलेलं पत्र यंत्रातून काढलं, फाडलं, आणि नवा कागद घातला.

युनिक्स ओळीच्या शेवटी एकच खूण ठेवत होतं : खाली जा. डॉसला दोन लागत होत्या : खाली जा, आणि मागे ये. दोघांतलं कोणीच चुकत नव्हतं. सुमतीनं प्रत्येक ओळीमागे ती दुसरी, न दिसणारी खूण जोडणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. प्रिंट काढण्याआधी सवयीनं तिनं फाइलची लांबी पाहिली. आधीपेक्षा बरोबर दोनशे चौदा अक्षरांनी वाढली होती. प्रत्येक माणसामागे एक. ना एक कमी, ना एक जास्त. तिला इतका आनंद झाला की तो आकडा तिनं वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग तिनं प्रिंटर सुरू केला. नावं डाव्या कडेपासून एकाखाली एक उभी राहत गेली, पान भरलं, दुसरं सुरू झालं. तिनं कागदाची लांबच लांब पट्टी दोन्ही हातांवर पेलून मधल्या खोलीत नेली आणि रुपरावजींच्या टेबलावर पसरली.

"हे पाहा. एकशे सत्त्याऐंशीवी ओळ. विश्वनाथ, खातं पिंजण, आणि हा श्वासाचा आकडा."

रुपरावजींनी ओळीवर बोट ठेवलं. "हाये?"

"आहे. ठळक आहे. सांगा त्यांना घरी." ती हसली. "आणि हे सगळं तुमच्या हातानं झालं बरं का. तुमचा हात पाहिला नसता तर मी अजून तारच खरवडत असते."

त्यांनी बोट उचललं. डावा हात मागे घेऊन खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"तुमी हुशार हा, ताई," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी किनखेडे साहेबांनी तिला आत बोलावलं. ते संस्थेचे संचालक. कमी बोलायचे आणि कोणावर आवाज चढवायचे नाहीत. यादी त्यांच्यासमोर होती.

"सुरेख काम. एकच शब्द टाईप केला की यादी निघते म्हणतात? मलाही जमेल मग." त्यांनी एक पत्र पुढे केलं. "हे वर लावून टॅग बांधून दे. गिरणीची जीप आली आहे."

"गिरणीची? धंतोलीला नाही जायची ही?"

"त्यांनीच मागितली आहे."

टॅग ओवता ओवता तिनं पत्र वाचलं. इंग्रजीत होतं, सहा ओळींचं. आपल्या मागणीनुसार यादी सोबत जोडली आहे. यादीतील कामगार धुळीच्या खात्यांत काम करण्यास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र आढळले आहेत. त्यांना एक मेपासून कामावरून कमी करण्यास संस्थेची हरकत नाही.

"साहेब, ही यादी इलाजासाठी होती."

"इलाज त्यांचा त्यांनी करावा, कोणी अडवलंय?" साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "गिरणीनं जागा दिली, माणसं दिली. त्यांना निकाल द्यायला नको? आणि आजारी माणसाला धुळीत ठेवणं तुला बरं वाटतं का?"

"मी त्यांना सांगितलं होतं साहेब. एकेकाला."

"तुला कोणी सांगायला सांगितलं होतं?"

हे त्यांनी रागानं विचारलं नाही. खरोखरच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सुमतीच्या हातात टॅग होता, एक टोक छिद्रातून गेलेलं. तिनं दुसरंही ओवलं आणि गाठ मारली.

गाठ मारताना तिची नजर पत्राच्या तारखेवर गेली. एकवीस एप्रिल. मंगळवार. खाली डाव्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं होती.

जिना बुधवारी निघाला होता.

ती मधल्या खोलीत आली. रुपरावजी काम करत होते. टेबलावरच्या काचेखाली तिनं बुधवारी दिलेला कागद होता, घडी उलगडून सपाट ठेवलेला. तीन नावं, एक काळा पट्टा, आणि मग कागदाच्या तळापर्यंत काहीही नाही.

"रुपरावजी, तुम्हाला मंगळवारीच माहीत होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "बावीस वर्षं झाली, ताई. टाईप केलेलं कधी कोणाले सांगतलं नाई. घरी बी नाई."

"मला सांगायचं होतं. मी ती यादी..." तिनं काचेवर बोट टेकवलं. "मशीन का बिघडली तेही कळलं होतं तुम्हाला. त्या दिवशीच."

"मले मशीनीतलं काय समजते?"

खाली फाटकाशी जीप वळल्याचा आवाज आला, मग रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात मिसळून गेला. रुपरावजींनी समोरच्या मसुद्यावरचा ठोकळा एक ओळ खाली सरकवला आणि टाईप करू लागले. नेहमीपेक्षा फार हळू. सुमतीच्या आता लक्षात आलं, ते एकाच हातानं टाईप करत होते. डावा हात टेबलाखाली, मांडीवर होता.

ओळ संपली. घंटी वाजली. रुपरावजींनी उजवा हात कळांवरून उचलला, छातीसमोरून तिरका पलीकडे नेला, आणि दांडी ढकलली.