टकल्याला केस आले

त्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा एक उंबरठा होता आणि तो भलताच मानी होता. भरती पुरती चढल्याशिवाय तो कोणाला आत घेत नसे, आणि पाणी उतरायला लागल्यावर कोणी आलंच तर त्याला दारातच बसवून ठेवी. मागच्या खेपेला विटा भरून आलेली तांडेलाची होडी त्यावर अशी काही बसली की पुढची भरती येईपर्यंत खेकड्यांच्या एका कुटुंबानं मागच्या फळीखाली बिऱ्हाड थाटलं, आणि होडी सुटली तेव्हा त्यांनी जागा खाली करायला साफ नकार दिला. निदान तांडेल तरी असंच सांगे. होडी कलल्यामुळे निम्म्या विटांचा चुरा झाला, हे मात्र तो सांगत नसे.

हे रुतणं लागोपाठ दुसरं होतं. होडी मूळची तांडेलिणीच्या बापाची, म्हणजे आता तिची. त्यामुळे निकालही तिनंच दिला, ताटं पुसता पुसता.

"तिसऱ्यांदा रुतलात तर सुकाणू जावयाच्या हातात. मग तुम्ही बसा धक्क्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याला अक्कल शिकवत."

"अगं, मी काय डोळे मिटून होडी हाकतो? टकल्या बुडाला की निघायचं, एवढं साधं आहे. तुझे बाबाही तेच करायचे."

"बाबा कधी रुतले नाहीत."

"त्यांच्या होडीवर जावई नव्हता."

"होता की. तुम्हीच होतात."

यावर तांडेल घोटभर पाणी प्यायला आणि त्यानं विषय वाऱ्याकडे वळवला.

टकल्या म्हणजे उंबरठ्याच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यातून डोकं काढून बसलेला खडक. गुळगुळीत, गोल, मधोमध किंचित खोलगट. त्याचं डोकं पाण्याखाली गेलं की उंबरठ्यावर भरलेली होडी तरून जाईल इतकं पाणी झालं, असा त्या बंदराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. तांडेलाची त्याच्यावर इतकी श्रद्धा की घरातल्या घड्याळाला त्यानं कधी किल्ली दिली नाही. पूर्वी बायका ओहोटीला जाऊन टकल्याच्या डोक्याला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, खरवडून आणत. काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी पहारीनं टकल्याच्या कानाचा, म्हणजे बाजूच्या कंगोऱ्याचा, टवका उडाला. तांडेलानं सगळ्या धक्क्यावर आकाशपाताळ एक केलं. "इथून पुढं टकल्याच्या डोक्याला कोणी बोट लावायचं नाही! ते माझं घड्याळ आहे!" तेव्हा तांडेलाच्या शब्दाला वजन होतं. कोणी बोट लावलं नाही.

तिसऱ्या खेपेला माल कौलांचा होता आणि भरती भांगाची, म्हणजे महिन्यातली सगळ्यात आळशी. असली भरती कशीबशी वर येते, जरा टेकते आणि लगेच परत फिरते. तांडेलीण होडीवर येऊन कौलांच्या गठ्ठ्यावर छत्री टेकून बसली. दोघांपैकी एकावरही तिचा भरवसा नव्हता.

उंबरठ्याबाहेर नांगर टाकून ते थांबले. जावई नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. हा माणूस इतका सभ्य की नांगर टाकण्याआधी समुद्राची माफी मागेल. तांडेलाला त्याचं तेच खुपत असे. भांडखोर जावयाशी निदान भांडता तरी येतं.

वारा पाठीचा होता. शीड चढवलं की होडी सरळ आत जाणार. मध्येच विचार बदलला म्हणून परतायची सोय नव्हती. तांडेल सुकाणूला टेकून टकल्याकडे बघत राहिला. पाणी त्याच्या हनुवटीला आलं. मग नाकाला. मग कपाळाला येऊन तिथेच रेंगाळलं.

"मामा," जावई हळूच म्हणाला, "झालं असावं का पाणी?"

"जावईबापू, टकल्या दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग नाही झालं."

"नाही, म्हणजे... मघाशी आपल्या बाजूनं वाहणारा कचरा आता एका जागी थांबलाय. भरती संपत आल्यासारखी वाटते. अर्थात तुम्ही म्हणाल तसं."

"अर्थात," तांडेल म्हणाला. दोन्ही खेपांना असंच झालं होतं, हे त्याला आठवलं. दोन्ही वेळा भांगाचीच भरती, दोन्ही वेळा जावयाची हीच कुजबुज, आणि दोन्ही वेळा टकल्याचं डोकं बुडून होडी उंबरठ्याशी पोचेपर्यंत पाण्यानं माघार घ्यायला सुरुवात केलेली. याचा अर्थ तांडेलानं केव्हाच लावून टाकला होता: जावयाचा पायगुण.

तांडेलीण उठून होडीच्या काठाशी आली आणि डोळ्यांवर हात धरून बघू लागली.

"अहो, टकल्याला हे काय झालंय?"

"काय झालंय?"

"केस आलेत."

"खडकाला केस येतात होय?"

"मग बघा की! लग्नाआधी मी त्याच्या डोक्यावर बसून कालवं काढलीत. पातेल्याच्या बुडासारखं होतं. मधला खळगा कुठे गेला? नुसती कालवांवर कालवं चढलीत. चांगली वीतभर टोपी झालीय." ती वळली. "कोणी खरवडत नाही का आता?"

जावई शिडाच्या दोरीची गाठ फार बारकाईनं तपासू लागला.

तांडेलानं टकल्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो रोज त्याच्याकडे बघत होता, पण तो आहे की बुडाला एवढंच. आता दिसलं. पाण्यावर जे उरलं होतं ते खडक नव्हताच. ती खडबडीत, करडी टोपी होती, आणि तिच्याखालचा खरा टकल्या केव्हाच बुडाला होता. उधाणाच्या भरतीला ती टोपीही बुडून जाई, म्हणून कधी अडलं नाही. भांगाला मात्र घड्याळ मागे पडत होतं. आणि त्याला मागे पाडणारा हुकूम कोणाचा, हे होडीवरच्या तिघांनाही ठाऊक होतं.

"नांगर उचलू का, मामा?"

तांडेलाला 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण टकल्या समोर दिसत असताना आत शिरायचं, हे त्याच्या हातांना कोणी शिकवलं नव्हतं. सुकाणू धरलेली बोटं हलेनात. डोक्याला पटलं होतं, पण मनगटं ऐकेनात. पाण्यावरचा कचरा आता अगदी निवांत झाला होता. तो उलटा फिरला की कौलं गेली आणि सुकाणूही गेलं.

"उचला," तो एकदाचा म्हणाला. नांगर वर आला, शीड फुगलं. होडी निघाली, आणि तांडेलाचा हात आपसूक सुकाणू बाहेरच्या बाजूला वळवू लागला.

तांडेलीण शांतपणे त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं छत्री उघडली आणि तांडेल आणि टकल्या यांच्या मधोमध धरली.

"दिसतोय का आता?"

"नाही."

"मग बुडाला. चला."

तांडेलानं सुकाणू सरळ केलं.

छत्रीच्या एका बाजूनं त्याला उंबरठ्यावरचं फिकट पाणी दिसत होतं, तेवढं त्याला पुरत होतं. टकल्या डाव्या हाताला मागे पडत गेला, तशी छत्रीही त्याच्याबरोबर इमानानं सरकत गेली. उंबरठ्यावर आल्यावर तळाखालून एक लांब, खसखशीत आवाज आला. कौलं किणकिणली. जावयानं डोळे मिटले. त्या बंदरात आजही सांगतात की होडीनं तेव्हा पोट आत घेतलं आणि पलीकडे गेल्यावर श्वास सोडला. तो श्वास धक्क्यावरच्या लोकांनी ऐकला. ते काही असो, आवाज थांबला तेव्हा होडीखाली खोल, हिरवं पाणी होतं.

तांडेलिणीनं छत्री मिटली. "सुकाणू ठेवा तुमच्याकडेच," एवढंच ती म्हणाली.

दोर बांधेपर्यंत धक्क्यावर ही गर्दी. हमालांचा मुकादम पुढे आला. "तांडेल, कमाल झाली! टकल्या चांगला वर दिसत होता आणि तुम्ही घुसलात? तुम्ही?"

"कोण म्हणतं दिसत होता?" तांडेल म्हणाला. "मला तर दिसला नाही. विचारा आमच्या हिला."

मग तो जावयाकडे वळला. पहार कुठे असते ते त्यानं सांगितलं, आणि ओहोटी लागली की काय करायचं तेही.

"सगळी काढायची ना, मामा?"

"सगळी. आणि जावईबापू," तांडेलानं जरा आवाज उतरवला, "कानाला जपा."