डावीकडचा खडक

"नाव घे, मंग थांबतो," मास्तर पुढं चालता चालता म्हणाले. मागं वळून काही पाहिलं नाही.

रुखमा मागून येत होती. तिच्या एका हातात भाकरीचं गाठोडं होतं, दुसऱ्या हातात तुटक्या अंगठ्याच्या वहाणा. पायवाट सागांमधून वर चढत होती आणि लुगड्याचा काठ कुसळांनी भरून गेला होता. मास्तरांचे हात मोकळे होते.

"काहून वं, मुकी झाली काय?"

"चालून राह्यली ना जी."

"चालून नोको दाखवू. नाव घेऊन दाखव."

दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायकोनं नुसतं रान पाहायला जायचं, ही गोष्ट मंगरूळच्या त्यांच्या गल्लीत कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मास्तरांनी एका मासिकात वाचलं होतं की साहेब लोक मडमेला घेऊन डोंगर चढतात, ओढ्याकाठी बसून जेवतात. ते त्यांच्या डोक्यात बसलं. शेजाऱ्यांना पोहरादेवीच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं आणि पाच वर्षांच्या वेणूला आत्याकडे ठेवलं. निघताना वेणू बापाच्या धोतराला लोंबकळून म्हणाली होती, "मले पांढरे गोटे आणजा." मोटारीतून उतरल्यावर दर्शन खरोखरच उरकलं, मग रानाची वाट धरली.

नावाची गोष्ट सात वर्षांची. लग्न होऊन रुखमा दारात आली तेव्हा नणंद उंबऱ्यावर आडवी उभी राहिली होती. उखाणा पाठ होता. तो सगळा नीट आला आणि नेमकी नावापाशी जीभ अडली. "शा... शा... शा..." शेवटी नणंदेनंच ते पुरं केलं आणि वाट सोडली. तेव्हा सगळेच हसले होते आणि विसरूनही गेले. मास्तर विसरले नाहीत. घरी पाहुणे आले, पानसुपारी झाली, की ते तिची नक्कल करत. शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही त्यांनी ती करून दाखवली होती, रुखमा चहाचे कप घेऊन समोर उभी असताना.

एरवी तिची जीभ कुठल्याच शब्दाला अडत नसे. पण ते नाव तिनं पुन्हा तोंडात घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीतच होती. रुखमा त्या रीतीच्या आडोशाला जाऊन बसली, आणि तिथून तिला बाहेर काढणं मास्तरांना सात वर्षांत जमलं नव्हतं.

दुपारी ओढ्याकाठी भाकरी सोडली. तांड्यावरचा सोमला गाई पाण्यावर घेऊन आला होता. मास्तरांनी त्याला बोलावून ठेचा-भाकरी दिली, आणि तो दोन घास खातो न खातो तोच म्हणाले, "आमच्या बाईचं गाणं आयक, सोमला." मग मान वाकडी करून, डोळे मिटून त्यांनी ते केलं.

सोमला हसला नाही. "माही माय बी अशीच अडके, मास्तर. फक्त बैलाले हाका मारताना नाही अडके."

"मंग मी बैल होतो!" मास्तर खो खो हसले. उठून त्यांनी हात धुतले. "आज नाव काढल्याबिगर घरी नेत नाही हिले. धबधब्यापाशी कितीबी 'अहो' कर म्हना, मी थांबत नाही. नाव घेतलं तरच."

ते पुढं निघाले. ओढ्यातून वाकून वाकून पांढरे गोटे उचलत होते, ओले गोटे सदऱ्याला पुसून खिशात टाकत होते.

रुखमा भांडी बांधत होती. गाई वळवता वळवता सोमला म्हणाला, "बाई, मास्तरले सांगजा. वर गेल्यावर डाव्या अंगाचा काळा खडक हाय, कोरडा दिसते, पन लय घसरते. मागल्या साली माही गाय गेली तठून. उजव्यानं जा म्हना."

"सांगतो बाप्पा," रुखमा म्हणाली.

वाट धबधब्याच्या माथ्यावर निघत होती. त्या वर्षी दसरा उलटला तरी पावसानं पाय काढला नव्हता. पाणी भरून वाहत होतं आणि रुखमाला आपल्याच बांगड्यांचा आवाज येत नव्हता. मास्तर काठावर वाकून खाली पाहत होते. मग सरळ झाले आणि डावीकडे निघाले.

"अहो!" रुखमा ओरडली. "अहो, थांबा! वेणूचे बाबा!"

ते वळले. चेहरा खुलला होता. त्यांनी कानामागं हात धरला, मान हलवून नाही म्हटलं आणि ओठ पुढं काढले. आवाज आला नाही, पण ते ओठ तिला ओळखू आले. शा. शा. शा.

रुखमानं तोंड मिटलं.

फार वेळ नाही. घोटभर पाणी गिळायला लागतो तेवढाच. मास्तर आणि खडक यांच्यात दोन पावलं होती, आणि ती त्यांना चालू द्यावीत असं तिला वाटलं. तिच्याकडेच पाहत, हसत, मागं मागं सरकत ते काळ्या खडकावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा जमादार आला, सोबत गावचा पोलीस पाटील. तांड्यावरच्या माणसांनी मास्तरांना डोहातून काढून काठावर सागाच्या पानांवर निजवलं होतं. समोर धबधबा कोसळतच होता.

जमादारानं छापील कागद मांडीवर घेतला. त्यावर राज्याचं नाव मध्यप्रदेश छापलेलं होतं. हा मुलूख मुंबई राज्यात जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्यानं ते खोडलं, वर मुंबई लिहिलं, आणि अक्षर बरं आलं का ते पाहिलं. मग खिसे तपासले. मोटारीची दोन तिकिटं निघाली, एक रुमाल आणि सात पांढरे गोटे.

"हे कायले?"

"पोरीले," रुखमा म्हणाली.

"पाय घसरायच्या वक्ती तुमी आवाज नाही देला, बाई?"

"देला."

"मंग? आयकला नाही त्याईनं?"

"अर्धा," रुखमा म्हणाली. जमादारानं ते लिहिलं नाही.

"मयताचं नाव?"

पाटील मधे पडला. "बाई कशी घेईन नाव, साहेब? सोमला, तुले माहीत हाय का?"

"मी मास्तर म्हनत होतो जी."

"बाई, लिहून देता येते का?" जमादारानं टाक पुढं केला. रुखमानं तो घेतला नाही. ती मास्तरांच्या उशाशी गेली. कुणीतरी त्यांची हनुवटी फडक्यानं बांधली होती. ओठ घट्ट मिटलेले होते.

"शालिग्राम," ती म्हणाली.

"काय? मोठ्यानं बोला बाई, पान्यात काही आयकू येऊन नाही राह्यलं."

"शालिग्राम उकंडराव वानखडे!"

नाव समोरच्या कड्यावर आपटून परत आलं, सबंध. जमादार लिहू लागला. सोमलानं मान खाली घातली. रुखमा अजून धबधब्याच्या माथ्याकडे पाहत होती. तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"शालिग्राम! डाव्या अंगानं नका जाऊ!"