गरम बोनेट

हबीबभाईंनी टेस्टरची वायर स्टिअरिंगखाली जोडली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्यावरचा आकडा वाचला.

"पी दोन हजार चार. हवेच्या झडपा अडकल्यात, पवन."

पवनला काही उमगलं नाही. त्याची आई चतुराबाई गॅरेजच्या दारात खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. नर्सची नोकरी सुटून चौदा वर्षं झाली तरी परळीत लोक तिला सिस्टरच म्हणत.

"इंजिनात हवा जाती त्या नळीत बारक्या झडपा असत्यात," हबीबभाई बोटांची उघडमीट करत म्हणाले. "त्या हलंनात, म्हणून गाडी पिकप घेईना. पण आकडा नुस्तं बोट दाखवतो. खरं काय ते उघडल्यावर."

त्यांनी झडपांची दांडी सुटी केली. ती हलवणारी मोटर नीट फिरत होती. झडपा मात्र हाताने ढकलूनही हलेनात. तासाभराने नळी खाली उतरली. आत काळा, चिकट थर बोटभर बसला होता.

"गाडी फिरली किती? बावीस हजार. तेवढ्यात इतकी काजळी न्हाई धरत. गाडी चालली कमी अन् इंजिन चाललं लई. उभ्या गाडीत कोण चालू ठेवतंय ह्याला?"

पवनने ड्रायव्हरकडे पाहिलं. बिभीषण खांबाला टेकून उभा होता.

"एसी लावून झोपतोस व्हय रे?"

"न्हाई, सायेब."

"मग काय भूत बसतं गाडीत?"

 बिभीषणने एकदाच चतुराबाईकडे पाहिलं. तिने पर्सची चेन उघडली, परत लावली.

"चावी ठेव तिथं. उद्यापासून येऊ नको."

बिभीषणच्या कडीत त्याच्या घराची चावीही होती. नखाने कडी फाकवून त्याने गाडीची चावी वेगळी केली आणि टेबलावर ठेवली. त्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात बोलता आलं असतं. चतुराबाई बोलली नाही.

काय सांगायचं होतं? नवऱ्याला, शहादेवला, जाऊन तीन वर्षं झाली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो धर्मापुरीच्या दवाखान्याची जीप चालवायचा आणि ती नवी नर्स होती. थंडीत लसीकरणाला निघताना तो म्हणायचा, "बसा सिस्टर, इंजिन तापू द्या." त्या पंधरा मिनिटांत जीप जागेवर थरथरत राही आणि दोघं समोरच्या काचेकडे बघत बोलत. पुढे लक्षात आलं, की हा माणूस मे महिन्यातही इंजिन तापवतोय. लग्न ठरलं ते त्या जीपमध्येच.

आता पवन सकाळी जिमला गेला की ती भिंतीतल्या देवळीतली दुसरी चावी घेई, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसे आणि वाकून गाडी चालू करी. अर्धा तास. कधी त्याहून जास्त. हे या वयात, लेकासमोर, हबीबभाईंसमोर कोणत्या तोंडाने सांगायचं?

जन्मभर ती पेशंटना दटावत आली होती. लपवू नका, लपवलं तर औषध लागू पडत नाही. बायका काय काय सांगत तिला, पदर तोंडावर घेऊन. तिला मात्र एक वाक्य निघत नव्हतं, आणि तेवढ्यापायी एका माणसाची नोकरी गेली होती.

समोर पाण्याचा ग्लास आला. बिभीषणने धरलेला.

"अकरा वाजले, बाई. तुमची बीपीची गोळी."

तिने ग्लास घेतला आणि खाली ठेवला. 

"पवन," ती म्हणाली, "गाडी मी चालू ठेवते. रोज सकाळी."

"तू? कशाला?"

"बसायला."

 हबीबभाईंना शहादेवची जीप आठवत असावी. त्यांनी मान खाली घातली आणि ते ब्रशने नळी घासू लागले. "निघंल, भाभी," ते हळूच म्हणाले. "काजळीच हाय. निघंल समदी."

पवनने चावी उचलून बिभीषणपुढे धरली. "चुकलं माझं. घे."

बिभीषणने ती लगेच घेतली नाही.

"मला वाटलं, तुला काय ठावं न्हाई," चतुराबाई त्याला म्हणाली.

"मला ठावं हाय, बाई. नऊ वाजता गाडीवरची राख पुसाया येतो तवा बोनेट गरम आसतंय. दोन वर्षं झाली."

"मग मघाशी बोलला कावून न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोसलं असतं.

संध्याकाळी गाडी तयार झाली. झडपा मोकळ्या राहाव्यात म्हणून घाटनांदूरच्या रस्त्याने पळवून आणा, असं हबीबभाईंनी सांगितलं. बिभीषणने सवयीने चतुराबाईसाठी पुढचं दार उघडलं. ती मागे जाऊन बसली. 

दुसऱ्या दिवशी चावी देवळीतच राहिली. नऊच्या सुमाराला तो येतो की नाही म्हणून ती पडद्याआड उभी होती. तो आला. औष्णिक वीज केंद्राची राख गाडीवर बसली होती. फडकं झटकण्याआधी त्याने बोनेटवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि खिडकीकडे पाहिलं.

चतुराबाईने पडदा सोडला नाही, पण बाजूलाही केला नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने दोन कप चहा ठेवला. तो चहा बाहेर घेऊन जायला तिला बराच वेळ लागला.