दोन्ही बाह्या डाव्या

मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. त्यातली छत्तीस वर्षं त्यांनी एकाच शिवणकारखान्यात कापड कापण्यात घालवली होती. माणूस दारातून आत आला की टेप न लावता ते त्याची छाती सांगत आणि ती क्वचितच अर्ध्या इंचाने चुके. कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा खांद्याचा गोल, कापावा तर त्यांनीच, असं मालकही म्हणत आणि मास्तरांवर जळणारेही म्हणत. जळणारे बरेच होते. कारण मास्तरांनी आपली विद्या कोणाला दिली नाही. कागदी साचे कपाटात कुलूप लावून ठेवलेले असायचे, आणि कोणी टेबलाजवळ रेंगाळलं की मास्तर कात्री थांबवून त्याच्याकडे नुसतं बघायचे. तेवढ्याने काम झालं नाही तर तोंड होतंच. त्यांचं बोलणं अंगावर उठायचं. ज्याला बोलले त्याला ते वर्षानुवर्षं आठवायचं. मास्तर मात्र संध्याकाळपर्यंत विसरलेले असायचे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कंप कमी होईल पण जाणार नाही, असंही स्पष्ट सांगितलं. मालक तीन महिने थांबले. मग एका दुपारी त्यांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुमच्या जागी कोणाला उभं करू? मास्तरांनी एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं, की एकही नाव सांगता येत नाही. मालक रागावले नाहीत. "एखाद्याला तरी शिकवलं असतंत, मास्तर," एवढंच म्हणाले आणि कापणीचं यंत्र मागवलं. निरोपाच्या दिवशी सगळे जमले, बिस्किटं खाल्ली, टाळ्या वाजवल्या आणि पाच मिनिटांत आपापल्या मशीनवर जाऊन बसले. फाटकापर्यंत सोबत कोणी आलं नाही.

घरी मास्तर आणि त्यांची थोरली बहीण असे दोघंच. मास्तरांची बायको आठ वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ताई त्यांच्याकडे राहायला आली होती. एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. आईच्या अंत्यविधीला तो आला होता आणि त्याच संध्याकाळी परत गेला होता.

निरोपाच्या पुढच्या रविवारी मास्तर ताईबरोबर चर्चला गेले. पाळकांनी त्या दिवशी पेरणी आणि कापणी यावर उपदेश केला. देव कोणावर सूड उगवत नाही, ते म्हणाले. आपण मातीत जे टाकतो तेच तो उगवू देतो, आणि आपल्याला वाटतं शिक्षा झाली. मास्तरांना वाटलं, हा माणूस माझ्याकडे बघूनच बोलतोय. कानशिलं तापली. उपदेश अर्ध्यावर असतानाच ते उठले आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडले.

सोमवारी सकाळी ते जाब विचारायला पाळकांच्या खोलीत गेले. चारचौघांत माझी शोभा करायचं कारण काय, असं त्यांनी विचारलं. पाळक वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि सांगितलं, की तुमचा हात असा झालाय हे मला आत्ता, या क्षणी कळतंय. मास्तर वरमले. ते का कोण जाणे, पण खुर्चीत बसले आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगत गेले.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याला सुट्टीत त्यांनी कारखान्यात आणलं, कारण आपली विद्या द्यायचीच तर पोराला द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. तिसऱ्याच दिवशी पोराने कोटाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दोन्ही डाव्या. कापड दुहेरी घडी न घालता कापलं की असं होतं. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होतंच, मास्तरांच्या हातूनही झालं होतं. पण त्या दिवशी कापड भारी होतं, गिऱ्हाईक मोठं होतं आणि मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी त्या दोन्ही बाह्या पोराच्या सदऱ्याला टाचल्या आणि त्याला तासभर कारखान्याच्या दारात उभं केलं. "माझ्या पोटी डावाच जन्माला आला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पोराचं नाव पडलं, डाव्या. दोन वर्षांनी पोरगा शहर सोडून गेला.

पाळकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काल तुम्ही अर्ध्यातून उठलात. उरलेला अर्धा उपदेश असा होता, की पेरायला वयाची अट नाही. जुनं उगवलेलं त्याने जाणार नाही. ते तुम्हाला कापावं लागेल. पण त्याच्या शेजारी दुसरं काही लावता येतं, आणि कंटाळून सोडलं नाही तर तेही येतं."

मास्तरांना हे बोलणं फारसं आवडलं नाही. जुनं पुसलं जाईल, असं काहीतरी ऐकायला ते आले होते. तरी चार दिवसांनी त्यांनी कारखान्यातून घरी आणलेले साचे बाहेर काढले, गुंडाळले आणि ते घेऊन काजवाल्या बाईंच्या पत्त्यावर निघाले.

या बाई पूर्वी कारखान्यात काजं करायला आणि बटणं लावायला होत्या. नवरा वारल्यावर एकदा धीर करून त्या मास्तरांकडे आल्या होत्या आणि कापणी शिकवाल का म्हणून विचारलं होतं. सगळ्यांसमोर मास्तर म्हणाले होते, भोकं पाडायची अक्कल वेगळी आणि कापड कापायची वेगळी. महिनाभरात बाईंनी नोकरी सोडली. आता त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना होता, लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तीन शिलाई मशीन, खिडकीशी लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले साचे. कुलूप कशालाच नव्हतं.

मास्तरांनी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच माफी मागितली. बाईंनी साचे उलगडले, एकेक नीट पाहिला आणि परत गुंडाळले.

"हे मला येतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "जुने कोट विकत आणून उसवले. शिवण अन् शिवण उसवून तुकडे कागदावर ठेवले. सहा वर्षं लागली. तुम्ही शिकवलं असतंत तर सहा महिने लागले असते."

मास्तर मान खाली घालून जायला वळले. ते जिन्यापर्यंत पोचल्यावर बाईंनी हाक मारली. माझ्याकडे तीन मुली आहेत, त्यांना शिकवायला मला वेळ होत नाही, असं सांगितलं. या हातांनी मी काय शिकवणार, असं मास्तर म्हणाले. बाई म्हणाल्या, कात्री त्यांच्या हातात राहील, तुम्ही नुसतं तोंडाने सांगायचं.

म्हणजे मास्तरांकडे आता जे एकच हत्यार शिल्लक होतं त्यानेच त्यांनी आजवर सगळ्यांना कापलं होतं. हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं. तिघींपैकी चष्मेवाली जरा धांदरट होती. तिने खडूची रेघ सोडून कापलं, आणि मास्तरांच्या तोंडून जुनं, ठेवणीतलं वाक्य बाहेर पडलं. मुलीने कात्री खाली ठेवली. बाकीच्या दोघींच्या मशिनी थांबल्या. बाईंनी मास्तरांना जिन्यात बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, की हे इथे चालणार नाही, पुन्हा झालं तर उद्यापासून येऊ नका. एकसष्टाव्या वर्षी, जिन्यात उभं राहून, त्यांनी हे ऐकून घेतलं. आत येऊन चष्मेवालीची माफी मागितली. तिने कात्री पुन्हा उचलली.

त्यानंतर मास्तरांनी एक युक्ती काढली. राग आला की खुर्चीतून उठायचं, माठापाशी जायचं, पेला भरून पाणी प्यायचं आणि मगच बोलायचं. हात थरथरत असल्यामुळे पेला भरायला आणि ओठांपर्यंत न्यायला चांगला वेळ लागे. पहिल्या आठवड्यात पाणी पिऊन पिऊन त्यांचं पोट फुगलं. मुलींनाही ते कळलं. मास्तर उठले की त्या एकमेकींकडे बघायच्या आणि आपलं काय चुकलं ते स्वतःच शोधायला लागायच्या.

त्याच सुमारास त्यांनी मुलाला पत्र लिहायचं ठरवलं. ताईला म्हणाले, मी सांगतो, तू लिही. ताईने साफ नकार दिला. "तूच लिही. वाकडं आलं तरी तुझं अक्षर दिसू दे," ती म्हणाली. नऊ ओळी लिहायला त्यांना तीन दिवस लागले. चूक माझी होती, तुझी नव्हती, एवढाच त्यातला मजकूर.

पाच आठवडे उत्तर आलं नाही. मग एका सकाळी फोन आला. मुलगा म्हणाला, त्या बाजूला काम निघालंय, शनिवारी दुपारी येईन, संध्याकाळी जाईन.

मास्तर स्टँडवर त्याला घ्यायला गेले. मुलाच्या कानांवरचे केस पिकले होते. दोघं गल्लीत शिरले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मुलाला ओळखलं आणि इस्त्री बाजूला ठेवून मोठ्या आनंदाने म्हणाला, "अरे डाव्या, किती वर्षांनी."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलगा हसला, पण मास्तरांनी त्याचा चेहरा पाहिला. बावीस वर्षांपूर्वी त्या दारात उभा होता तोच चेहरा. माफी मागून झाली होती, पत्र पोचलं होतं, आणि तरी ते नाव दुसऱ्याच कोणाच्या तोंडात इतकं ताजं होतं, की जणू कालच ठेवलं असावं. मास्तर इस्त्रीवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. "ते नाव मी ठेवलं होतं," ते म्हणाले. "तो डावा नव्हता. मी नीच वागलो होतो. आता ते घेऊ नकोस." इस्त्रीवाला बिचारा गोरामोरा झाला.

चार पावलं पुढे गेल्यावर मुलगा म्हणाला, "एकाला सांगितलंत. गल्लीत शंभर जण आहेत."

"शंभर जणांना सांगेन."

"नको," मुलगा म्हणाला. मग घराची पायरी चढताना, "बघा, जमलं तर."

घरी ताईने जेवण वाढलं, भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भांडी घासायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बसली. मुलगा ताटाकडे बघत बोलायला लागला. लिफ्टच्या तारा जोडताना मी अजून डावी-उजवी तीनदा तपासतो, त्याने सांगितलं, आणि सोबतचे लोक हसतात. मास्तर ऐकत राहिले.

"मी तुमच्या पत्रासाठी आलो नाही, बाबा," मुलगा म्हणाला. "परवा माझ्या मुलीने दूध सांडलं. मी तिला जे बोललो ते तुमचं वाक्य होतं. शब्दन् शब्द तुमचा, आवाजसुद्धा. ती टेबलाखाली जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही. सात वर्षांची आहे." त्याने ताट बाजूला सरकवलं. "हे थांबवायचं कसं, ते विचारायला आलो. तुम्हीच सुरू केलंत, म्हटलं तुम्हालाच माहीत असेल."

आपण एका पोराचं वाटोळं केलं, एवढंच मास्तर आजवर धरून चालले होते. ते त्याच्याही पुढे गेलं होतं, त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं अशा मुलीपर्यंत. थोरामोठ्यांसारखं काही सांगावं असं त्यांना वाटलं, पण त्यांच्याजवळ तसं काही नव्हतं. म्हणून जे होतं ते त्यांनी सांगितलं. जिन्यातलं बोलणं सांगितलं, चष्मेवालीची माफी सांगितली, माठ आणि पेला सांगितला. पोट फुगल्याचंही सांगितलं.

मुलगा इतक्या वेळात पहिल्यांदा मनापासून हसला. "एवढंच?"

"एवढंच जमलंय," मास्तर म्हणाले. "अजून चुकतं. चुकलं की त्याच दिवशी माफी मागतो, दुसरा दिवस उजाडू देत नाही. तिला टेबलाखालून ओढून काढू नकोस. तूही खाली बस."

संध्याकाळी मुलगा ठरल्याप्रमाणे गेला. माफ केलं असं त्याने म्हटलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. पुढच्या काही महिन्यांत मास्तरांनी गल्लीत बऱ्याच जणांना गाठून ती हकिगत सांगितली. काहींना आठवतही नव्हतं, काहींना वाटलं मास्तरांचं डोकं फिरलं. ते नाव अजूनही कोणाच्या तोंडून अधूनमधून निसटतं. चष्मेवाली मात्र आता कोट कापते, आणि बाईंनी तिच्या हाताखाली आणखी एक मुलगी दिली आहे.

वर्षाअखेर मुलाचा फोन आला. चार दिवस येऊन जा, म्हणाला. मास्तर ताईला घेऊन गेले. सातव्या मजल्यावर मुलाच्या बायकोने दार उघडलं. तिच्या मागे नात उभी होती, पडद्याला धरून. आजोबांबद्दल तिने काय काय ऐकलं होतं कोण जाणे. ती त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघत राहिली आणि पुढे आली नाही. तिच्या आईने तिला पुढे ढकलायला हात केला, तेव्हा मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी तिला हाक मारली नाही, खाऊही पुढे केला नाही. दाराजवळची खुर्ची ओढून ते बसले आणि ताईशी प्रवासाच्या गप्पा मारत राहिले. दुपारपर्यंत नात पडदा सोडून खोलीच्या मध्यापर्यंत आली होती.